तीन कागद आणि एक प्रश्न: यातली नोकरी कुठली?

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या कॉलेजातून नुकतीच बी.कॉम. झालेली एक मुलगी प्लेसमेंट सेलच्या खोलीत आली. खोली म्हणजे जिमखान्याच्या स्टोअरचा अर्धा भाग. एका कपाटात क्रिकेटचे पॅड आणि दुसऱ्यात कंपन्यांच्या फायली. तिने टेबलावर तीन कागद मांडले आणि विचारलं, "सर, यातली नोकरी कुठली?"

पहिला कागद एका सरकारी बँकेचा होता. एक वर्ष, महिना १५,००० रुपये, पदाचं नाव 'अप्रेंटिस'. दुसरा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा: तालुक्याच्या गावी एक सरकारी कार्यालय, सहा महिने, महिना १०,००० रुपये. तिसरा एमआयडीसीतल्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाचा: 'ग्रॅज्युएट ट्रेनी', वार्षिक तीन लाख आणि दोन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर पैसे भरायचे असा करार. वडिलांनी तीन लाखांना बाराने भागून २५,००० काढले होते, त्यामुळे त्यांचं मत ठरलेलं. मावशीचं म्हणणं, बँक ती बँक.

मी तिला सांगितलं, पहिले दोन कागद नोकरीचे नाहीतच. तिसरा बहुतेक आहे, पण त्यावरचा २५,००० हा आकडा खरा नाही. ती जरा चिडली. तिचं बरोबरच होतं, कारण तीन वर्षांत आम्ही तिला ताळेबंद शिकवला, जीएसटी शिकवला, पण पदवीनंतर हातात येणारा पहिला कागद कसा वाचायचा हे एकाही तासाला सांगितलं नव्हतं. ते आता इथे सांगतो.

आमच्या पिढीला पदवी आणि नोकरी यांच्यात एकच पायरी होती. आता मध्ये एक मोठा कठडा आलाय आणि त्यावर इंटर्न, अप्रेंटिस, ट्रेनी, प्रशिक्षणार्थी अशा नावांचे लोक वर्ष-दोन वर्षं उभे असतात. सगळे रोज सकाळी डबा घेऊन कामाला जातात, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं, आणि घरचे सगळ्यांबद्दल 'लागला' असंच सांगतात. कायदा मात्र एकच गोष्ट विचारतो: हा माणूस इथे शिकायला आलाय की काम करायला? पीएफ (भविष्य निर्वाह निधी), रजा, किमान वेतन, कायम होण्याचा प्रश्न, सगळं या उत्तरावर लटकलेलं असतं.

अप्रेंटिस: शिकणारा, पण कायद्यातला

अप्रेंटिस म्हटलं की आपल्याकडे आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर डोळ्यांसमोर येतो. मूळ कायदा १९६१ चा, आणि सुरुवातीला तो कारागिरांसाठीच होता. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांच्यासाठीही दार उघडलं. या घटनेला दहा वर्षं उलटून गेली, तरी आमच्याकडच्या कित्येक प्राध्यापकांना ती माहीत नाही. मलाही उशिराच कळली.

ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ही मेहरबानी नाही, कायद्याचं बंधन आहे. म्हणजे तुमच्या तालुक्यातला साखर कारखाना, मोठी पतसंस्था, औषधांची कंपनी यांच्याकडे 'जागा आहे का' असं विचारण्यापेक्षा 'अप्रेंटिस घेता का' असं विचारलं तर उत्तर वेगळं येऊ शकतं. निदान एचआरचा माणूस मान वर करून बघतो.

पदवीधरांसाठीच्या केंद्रीय योजनेचं नाव नॅट्स, आणि ती शिक्षण मंत्रालयाकडे आहे. तिच्या नावाशी जुळणारी नॅप्स ही दुसरी योजना कौशल्य विकास मंत्रालयाची, जास्त करून आयटीआय आणि तत्सम उमेदवारांसाठी. दोन नावांत एका अक्षराचा फरक, दोन मंत्रालयं आणि दोन पोर्टल. मुलं चुकीच्या पोर्टलवर नोंदणी करून महिनोन्महिने वाट बघत बसतात. नॅट्सचं काम देशात चार प्रादेशिक मंडळांतून चालतं; पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे.

२०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवलं, आणि नॅट्समध्ये त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. अर्ज करताना चालू आकडा पोर्टलवरच बघावा. हा किमान आकडा आहे. देणाऱ्याने जास्त द्यायला कायद्याची आडकाठी नाही. स्टेट बँकेने २०२३ मध्ये देशभरातून ६,१६० अप्रेंटिस घ्यायची जाहिरात काढली तेव्हा विद्यावेतन १५,००० होतं. त्या निवडीत स्थानिक भाषेची चाचणीही होती, आणि दहावी-बारावीला ती भाषा विषय म्हणून घेतलेल्यांना चाचणीतून सूट. मराठीचा असा सरळ उपयोग आमच्या मुलांना सांगितला की ते आधी हसतात, मग गुणपत्रिका शोधायला घरी फोन करतात.

आता दुसरी बाजू. कायदा स्पष्ट म्हणतो की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. म्हणून पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असंही नाही. मालकाने त्याबाबत स्वतःचं धोरण ठरवावं इतकंच. बँकेत वर्षभर काउंटरपलीकडे बसलेल्या मुलाला शेवटच्या दिवशी केक कापून निरोप देतात, तेव्हा घरच्यांना वाटतं काढून टाकलं. काढलेलं नसतं, करार संपलेला असतो.

पण शिकाऊ असणं म्हणजे बेवारस असणं नव्हे. कामावर इजा झाली तर भरपाई मिळते. कारखान्यातले सुरक्षिततेचे आणि आरोग्याचे नियम लागू असतात. सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. हे सगळं मिळण्याची अट एकच: करार पोर्टलवर नोंदलेला हवा. कंपनीने आपल्या लेटरहेडवर 'अप्रेंटिस' असं छापलं म्हणून कोणी अप्रेंटिस होत नाही. त्यामुळे विचारायचा पहिला प्रश्न हा की कराराचा नोंदणी क्रमांक काय. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर समजायचं की तुम्ही ना शिकाऊ ना कामगार, स्वस्तातले हात आहात.

चाकण, रांजणगाव, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात हे नवीन नाही. तिथे 'नीमवर आहे' असा शब्दप्रयोगच रुळला होता. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०१३ मध्ये नीम नावाची प्रशिक्षण योजना आणली. तिच्याखाली हजारो पोरं यंत्रांवर उभी राहिली, आणि नियमित कामगाराच्या शेजारी तेच काम करून कमी पैसे घेत राहिली. पुढे ती योजना मागे घेतली गेली. सवय मात्र गेलेली नाही.

ओजेटी आणि सरकारी प्रशिक्षण

इंटर्न हा या सगळ्यात सगळ्यांत सैल शब्द. त्याची व्याख्या देणारा वेगळा कायदा नाही, त्यामुळे पैसे मिळतीलच असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मात्र तो आता अभ्यासक्रमात शिरलाय. महाराष्ट्राच्या आराखड्यात पदवीच्या सहाव्या सत्रात आणि पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणजे ओजेटी आहे, चार क्रेडिटची. एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. रोज सहा तास गेलात तर वीस दिवस. संलग्न महाविद्यालयांत पदवीला हा आराखडा २०२४-२५ पासून आला, म्हणजे तिथली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये सहाव्या सत्राला पोचते.

मला याची भीती वाटते ते सांगून टाकतो. तालुक्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला चारशे मुलं आणि गावात सीएंची आठ ऑफिसं. मग मामाच्या मेडिकल स्टोअरचा शिक्का मारून १२० तास भरले जाणार. मामाच्या दुकानाला माझी हरकत नाही, शिक्क्याला आहे. त्याच दुकानात बसून मुलाने वर्षभराच्या खरेदीची बिलं एक्सेलमध्ये चढवली, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी काढली आणि मामाला दाखवली, तर तो मोठ्या कंपनीत वीस दिवस झेरॉक्स काढणाऱ्यापेक्षा पुढे गेला. मुलाखतीत 'तिथे काय केलंस' या प्रश्नाला त्याच्याकडे तरी उत्तर आहे.

याच कारणाने 'कमवा आणि शिका' मधली मुलं आपला अनुभव बायोडाटात लपवतात ते बघून वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ मध्ये, आणि श्रम करून शिकण्याची ही रीत इथल्या मातीत इतकी मुरली की विद्यापीठांनीही ती उचलली. ग्रंथालयात दोन वर्षं पुस्तकं लावणाऱ्या, नोंदी करणाऱ्या मुलाला वाटतं, ते काय सांगायचं. अरे, दोन वर्षं वेळेवर आलास, नोंदवह्या सांभाळल्यास, आणि तेही शिकत असताना! मालकाला आणखी काय हवं असतं?

सरकारी प्रशिक्षण योजना या तिसऱ्या जातीच्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. लोकांनी तिचं बारसं 'लाडका भाऊ' असं करून टाकलं. १८ ते ३५ वयोगट. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय आणि पदविकावाल्यांना ८,०००, पदवीधरांना १०,०००. पैसे सरकार थेट खात्यात टाकतं. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे वाढवून अकरा महिने झाली. मुदत संपत आली तशी प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून आंदोलनं केली. त्यांचा राग समजतो, कारण रिकाम्या खुर्चीवर बसवून नेहमीचंच काम करून घेतलं होतं. पण योजनेच्या कागदात कायम करण्याचं वचन कधीच नव्हतं.

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही २०२४ चीच. सुरू झाली तेव्हाचे निकष असे: वय २१ ते २४, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी नको, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, बारा महिने मोठ्या कंपनीत प्रशिक्षण, महिना ५,००० आणि एकदाच ६,००० रुपये. महिना ५,००० मध्ये पुण्यात कॉटही मिळत नाही, मेस तर सोडाच. त्यामुळे ही संधी घरून जा-ये करता येईल अशा ठिकाणी मिळाली तरच गावाकडच्या मुलाला परवडते.

वयाची ही अट नीट बघा. 'आधी दोन-तीन अटेम्प्ट देतो, मग बघू' असं म्हणत मुलं पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत शिरतात आणि बाहेर येतात तेव्हा हे दार बंद झालेलं असतं. स्पर्धा परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. पण अशा दारांना वयाची नाहीतर पदवीच्या सालाची चौकट असते, हे आत शिरण्याआधी माहीत असावं.

ट्रेनी, आणि त्या तीन लाखांचं काय झालं

आता तिसरा कागद. 'ट्रेनी' या शब्दाला स्वतःचं असं कायदेशीर वजन नाही. कंपनी नव्या कर्मचाऱ्याला पहिलं वर्ष ट्रेनी म्हणते, पण बऱ्याचदा तो कर्मचारीच असतो. ओळखायचं कसं? पीएफ कापला जातो का, आणि यूएएन हा पीएफचा बारा आकडी क्रमांक मिळणार का, हे विचारा. (सुरुवातीलाच मूळ पगार १५,००० च्या वर असेल तर काही कंपन्या पीएफ टाळू शकतात, म्हणून ही खूण शंभर टक्के नव्हे.) दुसरी खूण म्हणजे पत्रावर सही कोणाची. कंपनीच्या गेटवर कामाला जायचं आणि पत्र मात्र भलत्याच नावाच्या एजन्सीचं, तर तुम्ही ठेकेदाराचे कर्मचारी आहात.

तिच्या पत्रावर सही कंपनीची होती आणि पीएफचा रकाना होता. मग आम्ही खडूने फळ्यावर हिशोब मांडला. वार्षिक तीन लाख म्हणजे सीटीसी: कंपनीला तुमच्यापायी पडणारा एकूण खर्च. तो पगार नव्हे. महिन्याला २५,००० खर्चात मूळ पगार निम्मा, १२,५००. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, १,५००. हा तुमच्यासाठीच जातो, पण हातात येत नाही. त्यातले १,०४१ पेन्शनच्या खात्यात आणि ४५९ पीएफमध्ये. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ६०१. ती तर नोकरी सोडताना, तीही अटी पूर्ण झाल्या तरच. हे दोन वजा केले की उरले २२,८९९. आता तुमच्या बाजूचा पीएफ पुन्हा १,५००. उरले २१,३९९.

पुरुष असता तर महिना २०० रुपये व्यवसाय कर गेला असता, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. तिला ही गोष्ट फार आवडली. वडिलांना फोन करून तिने आधी तीच सांगितली, ३,६०१ रुपये कुठे गेले ते नंतर.

पत्रात 'व्हेरिएबल' असा रकाना असेल तर हात आणखी आखडता धरावा. ते पैसे कामगिरी बघून मिळतात, बऱ्याचदा वर्षाअखेर. सीटीसीत ग्रुप विम्याचा हप्ता, बसभाडं, कँटीनसुद्धा मोजलेलं मी पाहिलंय. म्हणून एचआरला एकच वाक्य लिहून पाठवायचं: महिन्याला खात्यात किती जमा होतील, त्याची फोड द्या. विचारायला मुलं घाबरतात. आजवर या प्रश्नामुळे कोणाचं ऑफर लेटर मागे घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

राहिला बाँड. 'बाँडला कोर्टात काही किंमत नाही' ही कॅम्पसवरची लाडकी अफवा. खरं इतकंच की कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवून ठेवू शकत नाही. पैसे मागू शकते. १८७२ चा करार कायदा म्हणतो की करार मोडला तर वाजवी भरपाई मिळावी, छापलेली रक्कम ही फार तर कमाल मर्यादा. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तिथे भरतीचा खर्च, सार्वजनिक बँकेला पुन्हा जाहिरात काढून करावी लागणारी निवड अशी कारणं होती. त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीचा बाँड तसाच टिकेल असं नाही, पण सही करताना तो फुकाचा कागद समजू नये. दोन वर्षं राहायची तयारी आहे का, हे आधी मनाशी ठरवावं आणि कंपनी प्रशिक्षणावर नेमकं काय खर्च करणार ते विचारावं. मूळ गुणपत्रिका कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नये. आणि नोकरीआधी 'ट्रेनिंग फी' मागणारा माणूस नोकरी देत नसतो, फी घेत असतो.

त्या दिवशी मी तिला तिसरा कागद घे असं सुचवलं. पीएफ होता, खरं अकाउंट्सचं काम होतं, आणि दोन वर्षं तिथे शिकायला मिळालं असतं. तिने दुसरा, तालुक्याच्या सरकारी कार्यालयाचा, घेतला. आई डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा सोबत जावं लागतं. एमआयडीसीची शिफ्ट जमणारी नव्हती आणि बँकेची शाखा दीडशे किलोमीटरवर. माझ्या फळ्यावर हा रकानाच नव्हता.

मुदत संपल्यावर ती पुन्हा आली, हातात चौथा कागद घेऊन. तिला योजनेच्या प्रमाणपत्राशिवाय आपण केलेल्या कामाचा तपशील लिहून हवा होता. कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, असा नमुना आमच्याकडे नाही. मग तिनेच संगणकावर मराठीत टाइप केला: आवक-जावक नोंदी, किती अर्जांची छाननी, कोणत्या नोंदवह्या संगणकावर चढवल्या, महिन्याचा खर्चाचा तक्ता कोणी तयार केला. साहेबांनी दोन ठिकाणी आकडे दुरुस्त केले, सही केली आणि गोल शिक्का मारला. तिला त्याच्या दोन झेरॉक्स हव्या होत्या. मी क्रिकेटच्या पॅडवरची फाइल बाजूला केली आणि मशीन सुरू केलं.